केळ, केळं आणि बानान
फ्रेंच व्याकरणाच्या अवघड जागा मराठीच्या वाटेने कशा ओलांडाव्यात

आमच्याकडे केळ शेतात उभी असते आणि केळं ताटात येतं. झाड स्त्रीलिंगी, फळ नपुंसकलिंगी. नशिराबादचं कुठलंही पोर यात चुकत नाही, आणि असं का, हे त्याला सांगताही येत नाही. फ्रेंचमध्ये तीच जोडी आहे, फक्त लिंगं निराळी: झाड 'अं बानान्ये', पुल्लिंगी, फळ 'यून बानान', स्त्रीलिंगी. आंब्याचंही तसंच. झाड 'अं माँग्ये', फळ 'यून माँग'. फ्रेंच शिकणारा मराठी माणूस इथे पहिल्यांदा दचकतो आणि म्हणतो, "निर्जीव वस्तूंना कसलं आलंय लिंग!" हे तो मराठीतच म्हणतो, जिथे भिंत ती आहे, दरवाजा तो आहे आणि घर ते आहे.

हा दचका उसना आहे. तो आपल्याला इंग्रजीकडून मिळालेला असतो. आपण फ्रेंच शिकतो ती पुस्तकं बहुतेक इंग्रजीतून लिहिलेली असतात, आणि इंग्रजी बोलणाऱ्याला जे अवघड जातं तेच त्यांत अवघड म्हणून छापलेलं असतं. मी नशिराबादला राहून, एसटीने जळगावला ये-जा करत फ्रेंच शिकायला लागले, तेव्हा पहिली दोन वर्षं प्रत्येक वाक्य मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून फ्रेंचमध्ये नेत होते. जळगावला जायला निघून आधी भुसावळला उतरावं, तसा हा प्रकार. मधला थांबा सोडला आणि निम्मं व्याकरण सुटलं.

उरलेल्या निम्म्यात मात्र मराठी पायात येते. म्हणून हा लेख दोन्हींचा आहे: मराठी कुठे हात धरते आणि कुठे हात सोडते. फ्रेंचची तोंडओळख झालेल्या, पण काळ, लिंग आणि सर्वनामं यांत अडकलेल्या वाचकासाठी तो लिहिला आहे. एक सूचना आधीच देते. इथले फ्रेंच शब्द देवनागरीत आहेत. ती नुसती काठी आहे. 'ज' म्हणून लिहिलेला उच्चार जिभेवर ज आणि श यांच्या मधला आहे. खरा उच्चार कानानेच घ्यावा लागेल.

लिंग: शब्दाचं शेपूट बघा

मराठीत लिंग ओळखायला आपण नकळत शेवटचा स्वर बघतो. आकारान्त असेल तर बहुधा पुल्लिंगी, ईकारान्त असेल तर बहुधा स्त्रीलिंगी. मग पाणी, लोणी, दही, मोती येऊन नियम मोडतात. फ्रेंचमध्येही शेपूट बघायचं, फक्त शेपटं वेगळी आहेत.

टी-आय-ओ-एन या अक्षरांनी संपणारे, 'स्यों' असे ऐकू येणारे शब्द स्त्रीलिंगी: 'ला नास्यों', 'ला स्तास्यों'. (भुसावळचं रेल्वे स्टेशन मात्र 'ला गार'. स्त्रीलिंगी तेही.) टी आणि वर रेघ असलेला ई, म्हणजे 'ते' असा शेवट असलेली भाववाचक नामं स्त्रीलिंगी: 'ला लिबेर्ते', 'ला कालिते'. 'एत' असा शेवट असलेले बहुतेक शब्दही स्त्रीलिंगी. उलट ए-जी-ई म्हणजे 'आज' असा शेवट असेल तर पुल्लिंगी: 'ल व्हिलाज', 'ल व्ह्वायाज', 'ल मारियाज'. यातून चुकार निघालेल्यांपैकी हे चार शब्द पाठच करा: 'पाज' म्हणजे पान, 'प्लाज' म्हणजे समुद्रकिनारा, 'इमाज' म्हणजे चित्र आणि 'काज' म्हणजे पिंजरा. हे चारही स्त्रीलिंगी आहेत. एम-ई-एन-टी म्हणजे 'माँ' या शेवटाची नामं आणि ई-ए-यू म्हणजे 'ओ' या शेवटाची नामं पुल्लिंगी: 'ल गुव्हेर्नमाँ', 'ल बातो'.

'ओ'च्या शेवटाला सर्वांत मोठा अपवाद खुद्द 'ओ', म्हणजे पाणी. ते स्त्रीलिंगी आहे. मराठीत 'पाणी' ईकारान्त असून नपुंसकलिंगी, फ्रेंचमध्ये 'ओ' शेपटाने पुल्लिंगी दिसून स्त्रीलिंगी. दोन्ही भाषांत पाण्याने नियम मोडला, हे एकदा लक्षात आलं की विसरायला होत नाही.

फळांचं सूत्रही कामाचं आहे. झाडं बहुतेक पुल्लिंगी. द्राक्षाची वेल मात्र स्त्रीलिंगी. फळाच्या नावाच्या शेवटी ई असेल तर ते बहुधा स्त्रीलिंगी. लिंबू, अननस, द्राक्ष, खरबूज यांच्या फ्रेंच नावांना शेवटी ई नाही, ती पुल्लिंगी. आपलं भरताचं वांगं म्हणजे 'ओबेर्जीन', स्त्रीलिंगी. हा शब्द कॅटलान, अरबी, फारसी अशी वाट चालत तिथे पोचला आणि त्याचं मूळ भारतातच आहे असं कोशकार सांगतात. वांगं आपलंच, तिकडे गेल्यावर त्याची बाई झाली एवढंच.

सवय एकच लावायची. वहीत नुसतं 'बानान' कधी लिहायचं नाही, 'यून बानान' लिहायचं. 'ल' किंवा 'ला' लिहून भागत नाही, कारण पुढे स्वर आला की दोन्हींचा स्वर गळतो आणि 'लोबेर्जीन'मध्ये लिंग दिसेनासं होतं. 'अं' आणि 'यून' मात्र लपत नाहीत.

चहाची चार वाक्यं

'द्यू', 'द ला', 'दे' आणि नुसतं 'द' यांचा गोंधळ संपवायला पानभर नियम लागत नाहीत. चार वाक्यं लागतात.

मला चहा आवडतो: 'जेम ल ते'.
मी चहा पिते: 'ज ब्वा द्यू ते'.
मी चहा पीत नाही: 'ज न ब्वा पा द ते'.
मला चहा आवडत नाही: 'ज नेम पा ल ते'.

मराठीत चारही ठिकाणी नुसता 'चहा' आहे, म्हणून इथे मराठीची मदत नाही. पण अर्थाकडे बघा. 'आवडतो' म्हणताना जगातला सगळा चहा मनात असतो, म्हणून 'ल'. 'पिते' म्हणताना त्यातला कपभर, म्हणून 'द्यू'. तो कपभरही नाही म्हटलं की 'द्यू' आक्रसून 'द' होतो. आवडनिवड मात्र नकारातही सगळ्याचीच असते, म्हणून चौथ्या वाक्यात 'ल' हलत नाही. चहाच्या जागी सूप घाला, म्हणजे स्त्रीलिंगाचा 'द ला' येईल. केळी घाला, म्हणजे अनेकवचनाचा 'दे' येईल. नकारात तिन्हींचा 'द'च होतो.

एक अपवाद. "हा चहा नाही, काढा आहे" असं म्हणताना 'द्यू' टिकतो: 'स ने पा द्यू ते'. इथे चहाचं प्रमाण नाकारलेलं नाही, त्याची ओळख नाकारली आहे.

जायचे आणि गेले: दोन भूतकाळ

फ्रेंचमधले 'पासे काँपोझे' आणि 'एँपार्फे' हे दोन भूतकाळ इंग्रजीतून शिकणाऱ्याला वर्षानुवर्षं छळतात, कारण इंग्रजीत एकच साधा भूतकाळ दोन्हींचं काम करतो. मराठीत ती वाटणी आधीच झालेली आहे.

"कॉलेजात असताना मी रोज एसटीने जळगावला जायचे. एके दिवशी महामार्गावर गाडी बंद पडली." यातलं 'जायचे' म्हणजे एँपार्फे, 'जाले'. 'बंद पडली' म्हणजे पासे काँपोझे. "पाऊस पडत होता, मी घरातून निघाले." 'पडत होता' एँपार्फे, 'निघाले' पासे काँपोझे. सूत्र असं: मराठीत '-यचे', '-यचा' किंवा '-त होता' आलं की एँपार्फे, सरळ 'केलं, गेला, झाली' आलं की पासे काँपोझे.

क्रिया नसून स्थिती असते तिथेही मराठी चोख बजावते. 'मला माहीत होतं' म्हणजे एँपार्फे, 'ज साव्हे'. 'मला कळलं' म्हणजे त्याच क्रियापदाचा पासे काँपोझे, 'जे स्यू'. 'मला जाता येत होतं' आणि 'मला जाता आलं' यांतला फरक तर आपल्याला कोणी शिकवलेलाही नाही. फ्रेंच तोच फरक 'ज पूव्हे' आणि 'जे प्यू' असा करतं.

एक खड्डा सांभाळायचा: 'होता'. "तो दोन वर्षं पुण्यात होता" यात मराठी 'होता' बघून एँपार्फे घालावंसं वाटतं. पण मुदत मोजून बंद केली आहे, दोन वर्षं, संपली. मुदत बंद असेल तर पासे काँपोझे. मराठीत त्या जागी 'राहिला' घालून बघा. चपखल बसला तर शंका फिटली.

'ने' लागतो का? आव्हार की एत्र

पासे काँपोझेत सहायक क्रियापद कोणतं घ्यायचं, 'आव्हार' की 'एत्र', यासाठी शिकवणीत सोळा-सतरा क्रियापदांची यादी पाठ करवतात. पाठ करा, पण आधी शाळेतला कर्तरी आणि कर्मणी प्रयोग आठवा. मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त ज्या प्रयोगांचा एवढा खल केला आणि आपण जे दहावीनंतर विसरलो, ते इथे कामी येतात.

तो आला, तो गेला, तो निघाला, तो पोचला, तो चढला, तो उतरला, तो पडला, तो राहिला, तो जन्मला, तो मेला. एकालाही 'ने' नाही. फ्रेंचमध्ये ही सगळी 'एत्र'ची माणसं. त्याने खाल्लं, त्याने पाहिलं, त्याने दिलं: 'ने' आला, 'आव्हार' आलं.

याची खरी गंमत दुहेरी क्रियापदांत आहे. 'देसाँद्र' हे एकच फ्रेंच क्रियापद कधी 'एत्र' घेतं, कधी 'आव्हार', म्हणून विद्यार्थी वैतागतात. मराठीत बघा. मी उतरले: 'ज स्वी देसाँद्यू'. मी बॅग उतरवली: 'जे देसाँद्यू ला व्हालीझ'. उतरणं आणि उतरवणं ही मराठीत दोन क्रियापदं आहेत. फ्रेंच ते काम सहायक बदलून करतं. चढले आणि चढवलं, गेले आणि घालवलं यांचंही तसंच.

मराठी हात सोडते त्या जागा दोन. 'ने' नाही म्हणजे 'एत्र'च, असं नाही. झोपला, हसला, पळाला, चालला यांना मराठीत 'ने' नाही, पण फ्रेंचमध्ये ती 'आव्हार' घेतात. शिवाय मराठीची काही क्रियापदं कर्म असूनही 'ने' घेत नाहीत: ती भाषा शिकली, ती पाणी प्यायली, ती नाव विसरली, ती भात जेवली. ही सगळी फ्रेंचमध्ये 'आव्हार'. म्हणून नियम असा लिहून ठेवा: 'ने' आला तर बहुधा 'आव्हार', 'ने' नाही आला तर यादीत बघा. 'स' लावून येणारी स्वतःवाचक क्रियापदं, उठणं, आंघोळ करणं, कपडे घालणं, ही मात्र सगळी 'एत्र' घेतात.

मी लिहिलेली चिठ्ठी

आता फ्रेंच माणसालाही घाम फोडणारा नियम. 'एत्र' असेल तर धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं. मी बाई असेन तर 'ज स्वी आले'मधल्या शेवटच्या शब्दाला एक जादा ई लावायची. ती ऐकू येत नाही, फक्त लिहायची. आपल्याला यात नवं काय? 'मी गेलो' आणि 'मी गेले' आपण रोज म्हणतोच.

'आव्हार' असेल तर धातुसाधित कर्त्याकडे बघतच नाही. कर्माकडे बघतं, आणि तेही कर्म आधी येऊन गेलं असेल तरच. इंग्रजी पुस्तकं इथे हात टेकतात, कारण क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं ही कल्पनाच तिथे नाही. आपल्याकडे तो कर्मणी प्रयोग आहे: मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी केळं खाल्लं. खाणारी तीच, क्रियापद पदार्थाप्रमाणे बदललं.

फरक एवढाच की मराठीत कर्म कुठेही असो, क्रियापद बदलतं; फ्रेंचमध्ये कर्म क्रियापदाच्या पुढे निघून गेलेलं असावं लागतं. मी चिठ्ठी लिहिली: 'जे एक्री ला लेत्र'. चिठ्ठी मागून आली, बदल नाही. मी लिहिलेली चिठ्ठी: 'ला लेत्र क जे एक्रीत'. चिठ्ठी आधी आली, 'एक्री'चं 'एक्रीत' झालं. हा बदल कानालाही ऐकू येतो, म्हणून सरावाला अशीच क्रियापदं घ्या: लिहिणं, करणं, ठेवणं, घेणं, उघडणं. 'मी उघडलेली खिडकी', 'मी घेतलेली साडी' अशी दहा वाक्यं करा. मराठीत '-लेली' आलं की लेखणी थांबवून विचारायचं: कर्म पुढे गेलं का?

स्वतःवाचक क्रियापदांतही हीच किल्ली चालते. 'तिने अंग धुतलं' या अर्थी 'एल से लाव्हे'ला जादा ई लागते, कारण जिला धुतलं ती आधी आली. 'तिने हात धुतले' यात कर्म हात, ते मागून येतात, ई गळते.

हा नियम सोळाव्या शतकात, १५३८ साली, क्लेमाँ मारो या कवीने इटालियनच्या नमुन्यावर मांडला, आणि तेव्हापासून फ्रेंच पोरं त्यावर मार्क घालवत आली आहेत. 'आव्हार'बरोबरचा हा बदल रद्दच करावा, अशी मागणी २०१८ मध्ये बेल्जियमच्या दोन शिक्षकांनी जाहीरपणे केली होती. नियम अजून उभा आहे. तुम्ही चुकलात तर चांगल्या संगतीत आहात, एवढं समाधान माना.

त्याने यावं, तो येईल

'स्युब्जाँक्तिफ' या नावाने निम्मा वर्ग गार पडतो. पण ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा.

तो येईल असं मला वाटतं: 'ज पाँस किल व्यँद्रा'.
त्याने यावं असं मला वाटतं: 'ज व्ह किल व्येन'.

'येईल' आणि 'यावं' यांतलं अंतर तुम्हाला कोणी समजावून सांगावं लागलं का? अंदाज सांगायचा तर 'येईल', इच्छा सांगायची तर 'यावं'. मराठीचा हा '-आवं' म्हणजे विध्यर्थ, आणि फ्रेंच स्युब्जाँक्तिफचा मोठा भाग तिथेच बसतो: त्याने जावं अशी तिची इच्छा आहे, तू अभ्यास करावास हे बरं, आपण निघावं हे उत्तम. 'आशा आहे की तो येईल' यात मराठी 'येईल' म्हणते, आणि फ्रेंचमध्येही आशेनंतर स्युब्जाँक्तिफ येत नाही. स्पॅनिश शिकलेले लोक इथे चुकतात, आपण चुकायचं कारण नाही.

रूप करायला सोपं आहे. वर्तमानकाळाचं 'ते'चं रूप घ्या. 'इल व्येन' म्हणजे ते येतात. तेच ऐकू येणारं रूप 'क ज व्येन' मध्ये. नेहमीची आडमुठी रूपं मात्र पाठ हवीत: 'स्वा' (असणं), 'फास' (करणं), 'प्वीस' (शकणं), 'साश' (माहीत असणं) आणि 'आय' (जाणं). 'मला जायला हवं' म्हणजे 'इल फो क जाय'. खान्देशी कानाला हे 'जाय' घरचंच वाटतं. निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला पुरतो.

'-आवं' पोचत नाही अशा जागा तीन. आनंद, दुःख, भीती या भावनांनंतर मराठी सरळ 'तू आलीस म्हणून बरं वाटलं' म्हणते, फ्रेंच स्युब्जाँक्तिफ मागतं. 'जरी... तरी' या अर्थाच्या 'ब्यँ क' नंतर आणि 'त्याआधी' या अर्थाच्या 'आव्हाँ क' नंतरही तसंच. तिसरी जागा नकाराची: 'मला वाटतं' नंतर नाही, पण 'मला नाही वाटत' नंतर स्युब्जाँक्तिफ येतो. या तीन जागा वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा.

'जर'च्या जागी सावध

'पैसे असते तर गेले असते.' मराठीत तराजूची दोन्ही पारडी सारखी: असते, असते. म्हणून मराठी विद्यार्थी फ्रेंचमध्येही दोन्हीकडे 'कोंदिस्योनेल', म्हणजे संकेतार्थ, घालतो, आणि हीच चूक फ्रेंच मुलंही करतात. नियम असा: 'सी' म्हणजे 'जर', आणि त्या अर्ध्या भागात कोंदिस्योनेल कधीच नाही. तिथे एँपार्फे, दुसऱ्या भागात कोंदिस्योनेल.

दुसरा सापळा: 'पाऊस आला तर मी येणार नाही.' मराठीत 'आला', म्हणजे रूप भूतकाळाचं. फ्रेंचमध्ये 'सी'नंतर इथे साधा वर्तमानकाळ लागतो: पाऊस येतो तर, मी येणार नाही.

'जेव्हा'च्या बाबतीत मात्र पुन्हा मराठीकडे वळा. 'तू येशील तेव्हा बोलू' यात भविष्यकाळ आहे, आणि फ्रेंचच्या 'काँ' नंतरही भविष्यकाळच. इंग्रजी तिथे वर्तमानकाळ वापरतं, म्हणून इंग्रजीच्या थांब्यावर उतरलेला माणूस हमखास चुकतो. 'पासून'चंही तेच: मी तीन वर्षांपासून फ्रेंच शिकतेय, 'जाप्राँ ल फ्राँसे दप्वी त्र्वा-झाँ'. शिकणं चालू आहे, तर वर्तमानकाळ. मराठी आणि फ्रेंच दोघींना हे सरळ वाटतं.

एका 'ला'मागे दोन माणसं

सर्वनामांत मराठी खरोखर दगा देते. 'मी त्याला पाहिलं' आणि 'मी त्याला पुस्तक दिलं'. दोन्हीकडे 'त्याला'. फ्रेंचमध्ये पहिला 'ल', दुसरा 'ल्वी'. मराठीचा 'ला' प्रत्यय दोन्ही नाती एकाच धोतरात गुंडाळतो, म्हणून ऐकून ओळखता येत नाही.

उपाय एकच: क्रियापद शिकतानाच त्याच्यामागे 'आ' हे शब्दयोगी लागतं की नाही, ते लिहायचं. फोन करणं (तेलेफोने), विचारणं, उत्तर देणं, बोलणं, आज्ञा पाळणं यांच्यामागे 'आ' येतो. त्यांचं सर्वनाम 'ल्वी'. बघणं, ऐकणं, शोधणं, वाट पाहणं, मदत करणं यांना कर्म सरळ चिकटतं. त्यांचं 'ल' किंवा 'ला'. 'त्याची वाट पाहिली' आणि 'त्याला मदत केली' ही मराठीत दोन वेगळ्या विभक्ती घेतात, फ्रेंचमध्ये दोन्हीकडे सरळ कर्म.

'आँ' या सर्वनामाचं भाषांतर मात्र गावच्या बाजारात मिळतं. "केळी आहेत का?" "आहेत तीन." मराठीत 'त्यातली' गिळली तरी चालते, फ्रेंचमध्ये ती 'आँ' म्हणून उच्चारावीच लागते: 'जाँ-ने त्र्वा'. आकडा किंवा प्रमाण सांगून वस्तूचं नाव गाळलं, की 'आँ' आलाच पाहिजे.

चार कोड्या आणि एक 'य'

व्याकरणाच्या बाहेरच्या दोन गोष्टी, कारण तिथे खान्देशी माणसाला घरचा फायदा आहे.

ऐंशीला फ्रेंच म्हणतात 'कात्र-व्हँ', म्हणजे चार वीस. हसू नका. विसाची कोडी आपल्याकडेही आहे. चार कोड्या ऐंशी, चार कोड्या वर दहा नव्वद. सत्तर म्हणजे साठ-दहा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर आणि नव्वदला सुटसुटीत शब्द आहेत, पण पॅरिसचा माणूस कोड्याच मोजतो. ज्याने एकोणऐंशी आणि एकोणनव्वद लहानपणी पचवले, त्याला हे जड जाऊ नये.

दुसरी गोष्ट उच्चाराची. फ्रेंचमध्ये आय आणि दोन एल एकत्र आले की एल गळून 'य' ऐकू येतो: 'फीय' म्हणजे मुलगी, 'फामीय' म्हणजे कुटुंब. प्रमाण मराठीच्या वर्गात हे नवल वाटतं. आमच्या लेवा गणबोलीत, बहिणाबाईंच्या बोलीत, डोळ्याचा डोया आणि काळ्याचा काया कधीचाच झालेला आहे. पोरं या उच्चाराला शाळेत लाजतात. फ्रेंच शिकताना त्यांनी लाजू नये. 'व्हील' (शहर), 'मील' (हजार) आणि 'त्राँकील' (शांत) या तीन शब्दांत आणि त्यांच्या नात्यातल्या शब्दांत मात्र 'ल' शाबूत राहतो.

नशिराबादला बसून अभ्यास कसा करायचा

गावात फ्रेंचचा वर्ग नाही, ही अडचण खरी आहे, पण अटळ नाही. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात १९०८ ते १९१४ होते. तिथे 'गीतारहस्य' लिहिता लिहिता त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषा पुस्तकांच्या आधाराने शिकून घेतल्या. त्यांच्याकडे ऐकायला कोणी नव्हतं. आपल्या खिशात फोन आहे. आंतरराष्ट्रीय फ्रेंच रेडिओची सोप्या फ्रेंचमधली बातमीपत्रं आणि टीव्ही-फाइव्ह-माँद या वाहिनीचे पायरीनिहाय सराव फुकट मिळतात. क्रियापदांची रूपं बघायला 'बेशरेल' हे पुस्तक एकदाच घ्या, वर्षानुवर्षं पुरतं.

वही मात्र तीन रकान्यांची करा. पहिल्यात मराठी वाक्य, दुसऱ्यात फ्रेंच, तिसऱ्यात फक्त एक खूण: मराठीने मदत केली तर बरोबर, दगा दिला तर फुली. इंग्रजीला रकाना ठेवू नका. रोज पाच वाक्यं, तीही आपल्या दिवसाची: बस चुकली, लाइट गेले, आईने कळण्याची भाकरी केली. महिन्याने फुल्या मोजा. त्या विखुरलेल्या नसतात. चार-पाच जागांवर गोळा होतात, आणि पुढच्या महिन्याचा अभ्यास त्या तेवढ्याच जागांचा.

परीक्षा द्यायची असेल तर 'डेल्फ'चे चार टप्पे आहेत, ए-१ पासून बी-२ पर्यंत, त्यापुढे 'डाल्फ'. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण. एकूण १०० पैकी ५० मिळाले की पास, पण कुठल्याही एका भागात ५ पेक्षा कमी पडले तर नापास. घरी एकट्याने शिकणाऱ्याचं लिहिणं चांगलं असतं आणि बोलणं तोकडं पडतं; ती ५ गुणांची अट त्याच्यासाठीच आहे असं समजा. म्हणून वहीतली पाच वाक्यं रोज मोठ्याने म्हणा. हे प्रमाणपत्र जन्मभर चालतं. कॅनडासाठी लागणाऱ्या 'तेफ' आणि 'तेसेफ' या परीक्षांचे निकाल दोनच वर्षं. समोरासमोर शिकायचं ठरलं तर पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, आणि पुण्या-मुंबईला आलियाँस फ्राँसेझ.

आज रात्रीपुरतं एकच काम करा. तुमच्या वहीत लिंगाशिवाय लिहिलेले जेवढे फ्रेंच शब्द आहेत, त्यांच्या पुढे 'अं' किंवा 'यून' लिहून काढा. कंटाळा आला तर मागच्या शेताकडे बघा. केळ ती आणि केळं ते, हे तुम्हाला कोणी पाठ करून घेतलं नव्हतं. घरात हजारदा ऐकलंत, म्हणून आलं. फ्रेंचला तेवढे हजार वेळा द्यायचे आहेत.